मंगळवारच्या दोन गोळ्या

मिनिटरावांना ताप आला तो सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. ही वेळ त्यांनी स्वतः सांगितली, तेव्हा ती सहा चाळीसच असणार. छत्तीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती मिनिटं उशिरा परतली, कुठला ड्रायव्हर कँटीनमध्ये रेंगाळला, सगळं त्यांच्या वहीत असायचं. मिनिटराव हे नाव ड्रायव्हर लोकांनी पाठीमागे ठेवलं, मग ते तोंडावर आलं, आणि निवृत्तीच्या दिवशी तर मॅनेजरनेही भाषणात तेच घेतलं. मिनिटरावांना त्याचा राग आला नाही. भाषण ठरल्यापेक्षा अकरा मिनिटं लांबलं, त्याचा मात्र आला.

ताप घरात आणला होता त्यांच्या बायकोने. गल्लीत तिला सगळे मावशी म्हणत, जरी सख्खी भाची तिला एकही नव्हती. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं आणि लोक तिच्याकडे कपडे दुरुस्तीला आणत. पँटची उंची कमी करा, चेन बदला, कंबर सैल करा, आणि उद्याच द्या. त्या पंधरवड्यात जो येई तो कपड्यांबरोबर खोकलाही घेऊन येई. व्हायरलची साथ होती. कुणाकडून तरी तो तिला चिकटला, तीन दिवस अंगात राहिला, आणि त्या तीन दिवसांत तिने दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, धुणं वाळत घातलं आणि एका हॉटेलच्या वेटरांच्या बत्तीस पँटींपैकी नऊ पुऱ्या केल्या. बायकांच्या तापाला अंथरूण लागत नाही, असं तिची आई म्हणायची. आई ते तक्रार म्हणून म्हणायची. ऐकणाऱ्यांनी कायम ते कौतुक समजून घेतलं.

सोमवारपर्यंत तिचा ताप गेला होता, थकवा गेला नव्हता. हाडांत कुणी ओली वाळू भरून ठेवावी तसं अंग जड झालं होतं. तेवीस पँटी अजून टेबलावर होत्या आणि त्या गुरुवारी दुपारपर्यंत द्यायच्या होत्या. अशात मिनिटराव आडवे झाले. रात्र थोडी आणि सोंगं फार, असं मनाशी म्हणून तिने पाण्याचं भांडं त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं.

एरवी व्हायरल तापाचं कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण चार महिन्यांपूर्वी मिनिटराव डेपोच्या जिन्यावर छाती धरून बसले होते. निवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा ते तिकडे जात, गाड्या वेळेवर सुटतात की नाही ते पाहायला. त्या दिवशी ड्रायव्हर लोकांनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसले. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी बॉलपेन उघडून आतली स्प्रिंग दोघांना दाखवली होती. "अशीच बारीक जाळी आत आहे. तिने वाट उघडी धरलीय. पण रक्ताला ती अजून परकी आहे. परकं काही दिसलं की रक्त त्याला चिकटतं, गुठळी करतं. म्हणून या दोन गोळ्या रोज, वर्षभर तरी. काही झालं तरी रोज."

हे त्या तोंडाने बोलल्या. आणि तोंडी सूचनेला मिनिटरावांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. नियम म्हणजे जो कागदावर आहे तो. कागदावर लिहिलं होतं: दोन्ही गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर. आणि खाली बारीक अक्षरात: गोळी चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. मिनिटरावांनी दोन्ही ओळी पट्टी धरून अधोरेखित केल्या आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पहिले तीन महिने गोळ्या तीच देत होती. सकाळी आठ वाजता नाश्त्याची बशी उचलायची, सात खणांच्या डबीतून त्या दिवसाच्या दोन गोळ्या काढायच्या, त्यांच्या तळहातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. मग एका रविवारी डेपोतले चार जुने सोबती भेटायला आले. गप्पा रंगात आल्या होत्या. ती गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन आली. मिनिटराव बोलण्याच्या नादात हात पुढे करीनात. ती दमलेली होती, मशीनवर काम तसंच पडलं होतं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आ करा बघू, चला."

चौघेही हसले. त्यातला एक ड्रायव्हर तर म्हणाला, "साहेब, गाड्यांना शिट्टी तुम्ही मारायचात, आता तुमच्याच तोंडावर वाजायला लागली."

मिनिटरावांनी गोळ्या घेतल्या, पाहुण्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडायला गेले. दार लावल्यावर म्हणाले, "मी पाळण्यात नाही. उद्यापासून माझ्या गोळ्या मी घेईन. त्या डबीला तू हात लावायचा नाहीस."

"बरं," ती म्हणाली.

तिचा 'बरं' हा साधा शब्द नव्हता. भांडून काही हाती लागत नाही हे तिला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून ती 'बरं' म्हणायची आणि समोरच्याने सांगितलं ते अक्षरशः तसंच करायची, एक इंचही इकडेतिकडे नाही. मग समोरचा आपल्याच शब्दांत अडकून पडे. त्या दिवसापासून तिने डबीला हात लावला नाही. टेबलावरची धूळसुद्धा डबीच्या भोवतीने पुसली. महिना झाला या गोष्टीला.

सोमवारी मिनिटरावांनी नाश्ता केला नाही. समोर ब्रेड आणि चहा ठेवला तर वासानेच तोंड फिरवलं. दुपारी दोन चमचे सूप घेतलं आणि झोपले. ती पँटींकडे वळली. जाड काळ्या कापडाच्या कडा आत दुमडून मुडपी घालायच्या, हाताने, दिसणार नाहीत अशा टाक्यांनी. काळ्यावर काळा दोरा, आणि ताप जाऊनही डोळे अजून चुरचुरत होते.

मंगळवारी सकाळी त्यांच्या खोलीत औषध, रुमाल, भांडी यांचा पसारा झाला होता. मिनिटराव डोळे मिटून पडले होते. तिने टेबल आवरायला घेतलं. सूप सांडून डबीच्या तळाला चिकटलं होतं, म्हणून नाइलाजाने डबी उचलावी लागली, आणि उचलताना अंगठ्याचा दाब बसून झाकण उघडलं आणि टक्कन मिटलं. तेवढ्यात तिला दिसलं. सोमवारच्या खणात दोन गोळ्या. मंगळवारच्या खणात दोन गोळ्या.

ती डबी हातात घेऊन उभी राहिली. आठ वाजून गेले होते. नाश्ता झाला नव्हता आणि होणारही नव्हता.

काय झालं ते तिच्या लगेच लक्षात आलं. नाश्त्यानंतर म्हणजे नाश्त्यानंतर. नाश्ता नाही तर गोळी नाही. हा माणूस नियमाच्या बाहेर पाऊल टाकणार नाही, मेला तरी. दोन गोळ्या काढून समोर धराव्यात असं तिला वाटलं. पण पाठोपाठ ते वाक्यही आठवलं, आणि चार माणसांचं हसणंही. आता दिल्या की म्हणतील, हात लावायचा नाही सांगितलं होतं ना. मग ती म्हणणार, तुम्हीच घेतल्या नाहीत. मग ते म्हणणार, कागद वाच. मग कपाट उघडणार, कागद दाखवणार, आणि हे सगळं खोकत खोकत. तिच्या अंगात त्या एका भांडणापुरतीही ताकद नव्हती. दोन दिवसांचं काय एवढं, उद्या ताप उतरेल, आपोआप घेतील. तिने डबीचा तळ पुसला आणि ती होती तिथे ठेवून दिली.

दुपारी ती त्यांना रिक्षाने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दवाखाना खोकणाऱ्यांनी भरलेला. दीड तास बाकावर बसून राहावं लागलं. डॉक्टर स्वतःच इतके दमले होते की स्टेथोस्कोप कानाला लावून दोन क्षण डोळे मिटून घेत. त्यांनी घसा पाहिला, छाती तपासली, तापाची गोळी लिहून दिली. "व्हायरल आहे. पाणी भरपूर प्या. आणि तुमच्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

मिनिटरावांनी तिच्याकडे पाहिलं. नीट मान वळवून पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "आहेत."

ती मूग गिळून बसली. चारचौघांत एकदा तोंड उघडलं होतं, त्याचं फळ महिनाभर भोगत होती. शिवाय त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती तिला पुरती ओळखीची वाटली. गप्प बस, अशी. तिने पिशवीत कागद घातला आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

बुधवारी ताप चढला आणि उतरला, चढला आणि उतरला. पाणी प्या म्हटलं तर मिनिटराव ओठ ओले करून भांडं परत ठेवत. तिने मुडपी घातल्या. संध्याकाळपर्यंत सव्वीस झाल्या. एकदा तिने खोलीत डोकावून डबीकडे पाहिलं, पण झाकण मिटलेलं होतं, आतलं दिसलं नाही, आणि उघडून पाहायला ती गेली नाही. विचारू, उद्या विचारू, असं मनाशी घोकत ती मशीनपाशी परत आली. न पाहिलेलं निदान खात्रीचं तरी नसतं. थकलेल्या माणसाला तेवढा आडोसा पुरतो.

गुरुवारी सकाळी ताप नव्हता. मिनिटराव उठून बसले, चेहऱ्यावर तजेला नव्हता पण डोळे स्वच्छ होते. तिचा जीव भांड्यात पडला. तिने शेवटच्या पँटी ओढल्या आणि कामाला लागली. साडेअकराच्या सुमारास ते हळूहळू चालत पुढच्या खोलीत आले आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले.

"पाठ दुखतेय," ते म्हणाले. "अकरा दहापासून. अंगदुखी दिसतेय, व्हायरलची."

तिने सुई थांबवून वर पाहिलं. त्यांच्या सदऱ्याची कॉलर भिजली होती.

"घाम आलाय तुम्हाला."

"ताप उतरला की घाम येतोच."

"ताप सकाळीच उतरला."

ते डावा खांदा उजव्या हाताने चोळत राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता. ती उठून आत गेली आणि डबी उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चारही खण भरलेले. तिने डबी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे काय आहे?"

"नाश्ता नव्हता झाला."

"दुपारी सूप प्यायलात की. तेव्हा घ्यायच्या."

"आठची फेरी ती. चुकली की रद्द होते. दुपारच्या गाडीत सकाळचे उतारू कोंबायचे नसतात. कागदावर पण आहे, दुप्पट घेऊ नये." एवढं बोलून त्यांना दम लागला.

चार दिवस हा माणूस एकामागून एक फेऱ्या रद्द करत पडून होता, आणि कागदावर जे नव्हतं तेही कागदाच्याच नावावर खपवत होता. तिला ओरडावंसं वाटलं. ओरडण्याऐवजी तिने फोन उचलला आणि हृदयाच्या दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडच्या सिस्टरने चार प्रश्न विचारले. दुखणं कुठे, कधीपासून, घाम आहे का, गोळ्या घेतल्यात का. शेवटच्या उत्तरानंतर सिस्टरचा आवाज बदलला.

"किती दिवस?"

"चार."

"अँब्युलन्स पाठवते. त्यांना चालू देऊ नका. आणि त्या दोनमधली लहान पांढरी गोळी आहे ना, तसल्या चार द्या. गिळायच्या नाहीत, चावून खायच्या. आत्ता, मी फोनवर आहे तोवर."

तिने चारही खणांतल्या पांढऱ्या गोळ्या तळहातावर घेतल्या. मिनिटराव त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "दुप्पट घ्यायची नसते."

"ही चौपट आहे. तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. गोळ्या चावताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कडू होत्या म्हणून की दुखत होतं म्हणून, तिला कळलं नाही. अँब्युलन्स अठरा मिनिटांनी आली. वेळ या खेपेला तिने मोजली.

त्यानंतरचे दोन तास तिने एका लांब व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर काढले. समोरच्या दाराच्या पलीकडे डॉक्टर त्यांच्या मनगटातून नळी घालून हृदयापर्यंत जात होते. तिच्या पदराला काळा दोरा चिकटला होता आणि त्याच्या टोकाला सुई लोंबत होती. सुई तिने पदरातच टोचून ठेवली. हॉटेलवाल्याचा दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा तिने घेतला आणि म्हणाली, "एकोणतीस झाल्यात. तीन राहिल्यात. मी दवाखान्यात आहे." तो म्हणाला, "बरं, मावशी," आणि त्याने ठेवून दिला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा मास्क गळ्यात होता आणि नाकावर त्याचे वळ उठले होते. त्या तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा ती घाबरली. उभ्याने सांगता येत नाही असंच काहीतरी सांगायला डॉक्टर बसतात.

"स्टेंटमध्ये गुठळी झाली होती," त्या म्हणाल्या. "पूर्ण बंद. आम्ही ती काढली, वाट उघडली. ते वाचलेत. पण रक्त न मिळाल्याने हृदयाच्या स्नायूचा बराच भाग गेला, साधारण तिसरा हिस्सा. तो बहुतेक परत येणार नाही. जिने चढणं, ओझं उचलणं, हे आता विसरायचं."

ती मान हलवत राहिली.

"असा ताप असला की रक्त आधीच चिकट झालेलं असतं. शरीर विषाणूशी झगडतं ना, त्या झगड्यात गुठळ्या लवकर धरतात. त्यात पाणी कमी गेलेलं. बाकी लोकांना त्याचं फार काही होत नाही, पण आत नवा स्टेंट असला की तिथेच धोका. नेमकी याच दिवसांत त्या गोळ्यांची गरज जास्त होती." मग त्यांनी विचारलं, रागाने नाही, दमून, "चार दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

"नाही," ती म्हणाली.

खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

शुक्रवारी मुलगी आली, सात तासांचा प्रवास करून. वडिलांना काचेतून पाहून आली आणि आईजवळ बसून रडली. मग डोळे पुसून तिने तोच प्रश्न विचारला. "आई, तू घरातच असतेस. तुला कसं कळलं नाही ग?"

"बत्तीस पँटी होत्या," ती म्हणाली. "आणि मला पण नुकताच ताप येऊन गेला होता."

हे दोन्ही खरं होतं. मुलीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तू तरी कुठे कुठे बघणार." तिला त्या डोक्याचा भार सहन होईना. टक्कन मिटलेलं ते झाकण तिच्या कानात वाजत होतं. मंगळवारी सव्वाआठ वाजता दोन गोळ्या आणि पेलाभर पाणी, एवढंच करायचं होतं. झालं असतं ते भांडण दहा मिनिटांचं. या दहा मिनिटांच्या आळसापायी नवऱ्याचं अर्धंमुर्धं काळीज गेलं, असं ती स्वतःला सांगत होती, आणि दुसऱ्या कुणाला सांगण्याची तिची छाती होत नव्हती.

शनिवारी दुपारी त्यांना वॉर्डात आणलं. मुलगी खाली कागदपत्रं करायला गेली. खोलीत आणखी एक पेशंट होता, पण तो भिंतीकडे तोंड करून घोरत होता. मिनिटराव उशीला टेकून बसले होते. सहा दिवसांत गालफडं बसली होती आणि गळ्याची कातडी सैल झाली होती. पलंगाशेजारचं यंत्र त्यांच्या हृदयाचे ठोके दाखवत होतं, त्याकडे ते बघतही नव्हते. ती स्टुलावर बसली. पंख्याखाली चादरीचं टोक उडत होतं, ते तिने गादीखाली खोचलं. मग परत खोचलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"गोळ्यांचं. मंगळवारीच पाहिलं मी. टेबल पुसताना. दोन दिवसांच्या तशाच होत्या. मी काही बोलले नाही. त्या डॉक्टरांकडेही बोलले नाही. इथे विचारलं तर मी म्हणाले, लक्षात आलं नाही. पोरीलाही तेच सांगितलं."

एवढं बोलून ती थांबली. आता जे काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"ठाऊक आहे," मिनिटराव म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"तू पाहिलंस ते. झाकण वाजलं. मी जागा होतो." त्यांचा आवाज बारीक झाला होता, दर चार शब्दांनी श्वास घ्यावा लागत होता. "डोळे मिटून पडलो होतो. म्हटलं, आता ही पाणी घेऊन येईल. दोन शब्द सुनावेल. मी पण कुरकुर करीन, आणि घेईन."

"तुम्हीच म्हणाला होतात, हात लावायचा नाही."

"म्हणालो होतो."

"आणि ते, चुकलेली फेरी रद्द, ते?"

"ते मी मलाच सांगत होतो. उठून बसलं की डोकं गरगरायचं. डबीचं झाकण उघडेना मला. बोटांत जीवच नव्हता." ते थांबले. "तू डबी खाली ठेवलीस आणि गेलीस. मग डॉक्टरकडे मी तुझ्याकडे बघितलं. चांगलं मान वळवून बघितलं. म्हटलं, आता तरी ही बोलेल."

ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"मला वाटलं, गप्प बस म्हणताय."

मिनिटरावांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून.

तिला वाटलं होतं की हे सांगून झालं की आपल्याला रडू कोसळेल. रडू आलं नाही. आला तो राग, पायाच्या नखापासून. "तोंड कशाला दिलंय मग?" ती म्हणाली. घोरणारा पेशंट क्षणभर थांबला, म्हणून तिने आवाज खाली आणला. "डेपोत एका मिनिटासाठी अख्खा स्टँड डोक्यावर घ्यायचात. आणि घरात 'गोळी दे' एवढं निघेना तोंडातून? चाळीस वर्षांत मी कधी काही द्यायला नाही म्हटलंय?"

"नाही म्हटलंस."

"मग?"

ते छताकडे पाहत राहिले. ती उत्तराची वाट पाहत होती आणि या खेपेला ती 'बरं' म्हणून सोडणार नव्हती.

"मागितली असती," ते शेवटी म्हणाले, "तर झाकणसुद्धा उघडत नाही हे सांगावं लागलं असतं. मला भीती वाटत होती ग. त्या जिन्यावर बसलो ना, त्या दिवसापासून वाटते. रोज. तुला काय सांगायचं?"

"हेच सांगायचं."

"अजून वाटते."

"मला पण," ती म्हणाली. "मी चार महिने रात्री तुमचा श्वास मोजत पडते."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि ते काय म्हणताहेत हे तिला अजूनही नीट कळलं नाही. म्हणून तिने विचारलं, "काय?" ते म्हणाले, "जवळ बस." ती स्टूल ओढून पलंगाला टेकून बसली. एवढी साधी गोष्ट एकमेकांना बोलून दाखवायला त्या दोघांना चाळीस वर्षं लागली होती, आणि हृदयाचा तिसरा हिस्सा.